जास्तीचं पाणी जातं कुठे?

उसाला पाटाने जास्त पाणी दिलं तरी ते मुरून नदीलाच मिळतं, मग वाया काय गेलं? वाया जाते ती पाण्याची गोडी.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीकाठच्या ग्रँड व्हॅलीत मातीखाली प्राचीन समुद्रतळाचा खडक आहे. कच्च्या कालव्यांतून आणि भरपूर भिजवलेल्या शेतांतून मुरलेलं पाणी त्यातले क्षार विरघळवून नदीत आणतं. खाली ॲरिझोनात तर शेतांचा खारा निचरा थेट नदीत सोडला गेला आणि १९६१ पासून मेक्सिकोतली पिकं बिघडू लागली. १९७३ मध्ये दोन्ही देशांत समझोता झाला, १९७४ मध्ये अमेरिकेने कायदा केला. मग ग्रँड व्हॅलीत कालव्यांना अस्तर आलं, चाऱ्यांच्या जागी पाइप आले. पाणी कमी मुरलं, की क्षारही कमी वाहतात.

आपल्याकडे सांगली-शिरोळच्या क्षारपड जमिनी सुधारायला शेताखाली सच्छिद्र पाइप टाकतात. ते हवेतच. पण तो निचरा ओढ्यातून कृष्णेत आणि कृष्णा पुढे चिकोडी-अथणीत जाते. म्हणून पाइपांच्या जोडीला ठिबकही हवं. नाहीतर आपल्या शेतातले क्षार खालच्यांच्या शेतात जायचे.

गावी शेती असेल, तर या सुट्टीत काका-मामांशी एवढं बोलाच.