विश्लेषण : अ‍ॅप अचानक बंद पडते तेव्हा दोष कोणाचा? उत्तर फोनमध्येच असते, पण ते मागतो कोण?

पेट्रोल पंपावर क्यूआर कोड स्कॅन करावा, पिन टाकावा आणि अ‍ॅप डोळ्यांदेखत नाहीसे व्हावे, हा अनुभव आता कुणालाही नवा नाही. तक्रार केली की ठरलेले उत्तर येते : ‘कॅशे क्लिअर करा, डेटा क्लिअर करा, अ‍ॅप काढून पुन्हा टाका.’ हा सल्ला कधी कधी लागूही पडतो. पण पंचनाम्याआधीच घर झाडून काढण्यासारखा तो प्रकार आहे. अ‍ॅप का कोसळले याची नोंद फोनमध्ये झालेली असते. ती पाहण्याऐवजी पुसायला सांगितले जाते आणि खापर फुटते ते ग्राहकाच्या ‘जुन्या फोन’वर.

पुरावा नेमका कसा नष्ट होतो?

बऱ्याच अ‍ॅपमध्ये क्रॅशचा अहवाल आधी अ‍ॅपच्याच साठवणीत राहतो आणि पुढच्या वेळी अ‍ॅप उघडल्यावर कंपनीकडे जातो. त्याआधीच ‘क्लिअर डेटा’ केला किंवा अ‍ॅप काढून टाकले, तर अहवालही गेला. सोबत न पाठवलेले फॉर्म, मसुदे वगैरे जातात ते वेगळेच. (नुसती कॅशे काढण्याने एवढे नुकसान होत नाही, दोन्ही बटणे शेजारी असल्याने गल्लत मात्र नेहमी होते.)

याशिवाय अँड्रॉइडची स्वतःची नोंदवही असते, तिला लॉग म्हणतात. तिला जागा ठरावीक. ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. त्यामुळे सकाळी कोसळलेल्या अ‍ॅपचा माग रात्री सापडेलच असे नाही. वेळ लिहून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे.

लॉगमध्ये काय दिसते?

हजारो ओळींमध्ये ‘फेटल एक्सेप्शन’ हे शब्द शोधायचे. त्याखाली कोसळलेल्या अ‍ॅपचे नाव, चुकीचा प्रकार आणि कोडमधल्या कोणत्या जागेवरून कुठे जाताना ती घडली याची उतरंड असते. ‘कॉज्ड बाय’ अशी ओळ एकाहून अधिक वेळा आली, तर मूळ कारण बहुधा शेवटच्या ओळीत सापडते. ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ म्हणजे जिथे माहिती असायला हवी होती तिथे काहीच नव्हते आणि प्रोग्रामरने ती शक्यता धरली नव्हती. ही चूक ग्राहकाच्या फोनची नव्हे. ‘आउट ऑफ मेमरी’ हे शब्द वाचून अनेकांना फोनच दोषी वाटतो. पण अ‍ॅपने वाट्याला आलेल्या मेमरीपेक्षा जास्त मागितली, एवढाच त्याचा अर्थ. ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ ही पाटी निराळी : स्क्रीनवरच्या स्पर्शाला सुमारे ५ सेकंद उत्तर न मिळाल्यास अँड्रॉइड ती दाखवते.

कधी दोष त्या अ‍ॅपचाही नसतो. मार्च २०२१ मध्ये जीमेलसह अनेक अँड्रॉइड अ‍ॅप एकाएकी बंद पडू लागली. कारण होते ‘वेबव्ह्यू’, म्हणजे अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणारा गुगलचा सामाईक घटक. जीमेल शंभरदा काढून टाकले असते तरी फरक पडला नसता. गुगलने वेबव्ह्यू आणि क्रोमची नवी आवृत्ती दिल्यावरच प्रश्न सुटला. त्याआधी जुलै २०२० मध्ये आयफोनवर स्पॉटिफाय, पिंटरेस्ट, टिंडर कोसळली. या अ‍ॅपमध्ये फेसबुकने पुरवलेला कोड होता आणि फेसबुकने आपल्या बाजूने केलेला बदल नडला होता. अशा वेळी उतरंडीत अ‍ॅपच्या नावाखाली भलत्याच घटकाचे नाव दिसते. लॉग वाचणाऱ्याला ते काही मिनिटांत कळू शकते.

ग्राहकाने लॉग काढावा का?

काढता येतो. अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’मधील बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केले की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. तिथे ‘बग रिपोर्ट’ मिळतो. आयफोनवर सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘अ‍ॅनालिटिक्स डेटा’ पाहायचा. अ‍ॅपचे नाव आणि तारीख असलेली फाइल तिथे असते. ‘जेटसॅम’ नावाची फाइल दिसली, तर मेमरी कमी पडल्याने प्रणालीनेच एखादे अ‍ॅप बंद केले असे समजावे.

पण बग रिपोर्ट ही साधी चिठ्ठी नव्हे. त्यात फोनवरील अ‍ॅपची यादी, खात्यांची नावे, वाय-फायची नावे असे बरेच काही येऊ शकते. ‘कस्टमर केअर’ म्हणवणाऱ्या अनोळखी क्रमांकाला व्हॉट्सअ‍ॅपवर तो पाठवणे म्हणजे घराची किल्ली देण्यासारखेच. त्यात आणखी एक विचित्रपणा असा की डेव्हलपर ऑप्शन्स सुरू असतील, तर काही बँकांची अ‍ॅप उघडतच नाहीत. लॉग मिळवण्यासाठी जे बटण दाबायचे, त्यानेच अ‍ॅप अडते. काम झाल्यावर ते बंद करायला विसरू नये.

मग जबाबदारी कोणाची?

अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीचीच. ‘आमच्याकडे अशी तक्रार नाही’ हे उत्तर सहज मान्य करण्याजोगे नाही, कारण गुगल प्ले प्रत्येक अ‍ॅपच्या निर्मात्याला क्रॅशचे प्रमाण दाखवते. रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांहून अधिक लोकांना, किंवा एखाद्याच मॉडेलवर ८ टक्क्यांहून अधिक लोकांना क्रॅश दिसला, तर प्ले स्टोअरमध्ये ते अ‍ॅप मागे पडू शकते. म्हणजे स्वस्तातल्या एखाद्या मॉडेलवर अ‍ॅप सतत कोसळत असेल, तर तेही कंपनीला पाहता येते. तरीही अ‍ॅपमध्ये ‘अहवाल पाठवा’ असे साधे बटण, काय पाठवले जाईल याचा मराठीत तपशील आणि नंतर ‘दोष आमचा होता, अमुक आवृत्तीत दुरुस्त केला’ असे उत्तर मिळणे दुर्मीळच. ‘बग फिक्सेस’ या दोन शब्दांवर बोळवण होते.

तोवर तक्रारीत फोनचे मॉडेल, प्रणालीची आणि अ‍ॅपची आवृत्ती, नेमकी वेळ आणि शेवटचे दाबलेले बटण लिहावे, आणि उत्तर येईपर्यंत डेटा पुसू नये. पैशांचा व्यवहार असेल, तर एक गोष्ट आधी : पिन टाकल्यानंतर अ‍ॅप बंद पडले म्हणून व्यवहार थांबतोच असे नाही. पंपावर दुसऱ्यांदा पैसे देण्यापूर्वी बँकेचा संदेश किंवा खात्यातील शिल्लक पाहावी.