टायमिंगचा पट्टा आणि गळते सील : घरच्या दुरुस्तीसंबंधी दोन शब्द

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या दारी आता जुनी का होईना, पण एक मोटार उभी असते. भाजी बाजारात नेणे, खताची पोती आणणे, आजाऱ्यास तालुक्याच्या गावी पोहोचविणे, ही सर्व कामे तिच्याकडेच असतात. साहजिकच तिची दुरुस्ती होईल तितकी घरी करण्याकडे शेतकऱ्याचा कल असतो आणि तो योग्यच आहे. जो मनुष्य विहिरीवरचे इंजिन स्वतः उघडून पुन्हा बसवितो, त्याने मोटारीस हातच लावू नये, हे म्हणणे मला मान्य नाही. परंतु टायमिंगचा पट्टा बदलण्याच्या कामी आपल्या लोकांकडून एक चूक वारंवार होते. ती मी स्वतःही केली असल्यामुळे तिजविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

या पट्ट्याचे काम काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. इंजिनातील क्रँकचा दांडा दोन फेरे फिरला की वरचा कॅमचा दांडा बरोबर एक फेरा फिरावा लागतो. असे झाले तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात व मिटतात. ट्रॅक्टरच्या इंजिनात हा मेळ बहुधा लोखंडी दंतचक्रे राखतात आणि ती तेलात न्हालेली असतात. कित्येक मोटारींत साखळी असते व तिलाही तेल लागते. परंतु पुष्कळ मोटारींत हे काम रबरी दातेरी पट्टा करतो. जर्मनीतील ग्लास कारखान्याच्या मोटारीत १९६२ च्या सुमारास असा पट्टा प्रथम आला. तो हलका, स्वस्त व कमी आवाजाचा असल्यामुळे पुढे अनेक कारखान्यांनी स्वीकारला. आपल्याकडील मारुती ८०० व ओम्नी या गाड्यांच्या तीन सिलिंडरच्या इंजिनातही पट्टाच आहे.

हा पट्टा झाकणाखाली कोरडा फिरावयाचा असतो. तेल म्हणजे यंत्राचे अन्न, ही आपली पिढीजात समजूत आहे. बैलगाडीच्या कण्यास वंगण, मोटेच्या चाकास वंगण, इंजिनास तेल, असेच आपण पाहात आलो. पण ज्या तेलाने दंतचक्र वाचते त्याच तेलाने हा पट्टा मरतो. तेल लागले की रबर फुगते, मऊ पडते आणि दाते सुटू लागतात. काही नव्या इंजिनांत तेलात चालण्यासाठीच बनविलेले पट्टे असतात, परंतु त्यांची जात निराळी. तेव्हा झाकणाच्या आत तेलाचा ओलावा दिसला, तर तो पट्ट्याच्या मरणाची सूचना समजावी.

आता माझी हकीकत सांगतो. निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी मी व माझा पुतण्या मिळून घरच्या मोटारीचा पट्टा बदलला. काम नीट झाले. खुणाही बरोबर जुळल्या. त्या वेळी खालच्या क्रँकच्या सीलपाशी तेलाची काळी ओल स्पष्ट दिसत होती. पुतण्या म्हणाला, “काका, सील आणावयास हवे.” त्यासाठी तालुक्यास पुन्हा एक खेप पडली असती. सीलची किंमत दोन-तीनशे रुपयांच्या आत. मी म्हणालो, “एवढ्याशा तेलाने काय होते? इंजिनाला तेल चांगलेच.” ओल फडक्याने पुसली आणि झाकण लावून मोकळा झालो.

अकरा महिन्यांनी, पहाटे मेथीच्या जुड्या घेऊन बाजारास जात असता, घाटाच्या चढणीवर इंजिन एकाएकी बंद पडले. पट्ट्याचे दाते सोलून निघाले होते. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. त्याच्या चालकाने वेळीच गाडी आवरली म्हणून आम्ही दोघे वाचलो. इंजिन बंद पडले की ब्रेकही थोड्याच वेळात कठीण होतो, हे त्या चढणीवर समजले. ऊन वर येईपर्यंत मेथी माना टाकून बसली. कित्येक इंजिनांत पट्टा तुटला की उघडे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. आमचे इंजिन त्याच जातीचे निघाले. व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावे लागले, आणि त्या हंगामातील मेथीचे सर्व उत्पन्न त्या एका बिलात गेले. यात कोणा मिस्त्र्याचा दोष नव्हता. दोष केवळ माझ्या हट्टाचा होता.

यावरून माझे म्हणणे इतकेच की, पट्टा घरी बदलावा, परंतु अर्धा बदलू नये. या कामात पट्ट्याची किंमत थोडी, श्रम मात्र तेथवर पोहोचण्याचे. सील बदलावयाचे झाले तरी तेच झाकण, तीच पुली व तोच पट्टा पुन्हा काढावा लागतो. म्हणून एकदा उघडलेच आहे, तर कॅमचे व क्रँकचे पुढचे सील, ताण देणारी चकती, आणि ज्या गाडीत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालतो तेथे तो पंपही तपासून, शंका येताच बदलावा. शिवाय इंजिनाची हवा सोडणारी ब्रीदरची नळी पाहावी. ती तुंबली असल्यास आतला दाब वाढतो आणि नवे सीलही गळू लागते.

काम करताना काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी. गाडी नुसत्या जॅकवर अगर विटांवर ठेवून खाली शिरू नये. भक्कम स्टँड घ्यावेत. पट्टा काढण्यापूर्वी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून दोन्ही पुल्यांच्या खुणा जुळवाव्यात व त्या ताज्या रंगाने ठळक कराव्यात. जुने सील किती खोल बसले होते ते पाहून ठेवावे. ते उचकटताना दांड्यावर ओरखडा पडू देऊ नये. एका ओरखड्याने नवे सील वाया जाते. नव्या सीलच्या ओठास स्वच्छ तेलाचे बोट लावावे, आणि सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या नळीच्या तुकड्याने ते चहूकडून सारखे ठोकून बसवावे. नंतर तेथील सर्व तेल पुसून मगच पट्टा चढवावा. पट्टा दुमडू नये, उलटा करून पाहू नये. ताण दिल्यावर इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने, क्रँकचे पुरते दोन फेरे फिरवावे. खुणा पुन्हा जुळल्या तरच किल्ली फिरवावी. मध्ये कोठे अडले तर जोर करू नये. थांबून खुणा पुन्हा पाहाव्यात. बोल्ट किती आवळावे हे पुस्तकात दिलेले असते. तेथे मनगटाचा अंदाज उपयोगी नाही, मापाचा पानाच हवा.

पट्टा केव्हा बदलावा, हेही आपल्या गाडीच्या पुस्तकातच पाहावे. सामान्यतः ही मुदत ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान असते, व तिच्या जोडीला वर्षांचीही मर्यादा असते, कारण उभ्या गाडीतही रबर जुने होते. महसूल खात्यात फेरफाराची एक नोंद राहिली तर दोन पिढ्या भांडतात, हे मी जन्मभर पाहिले. यंत्राचेही तसेच आहे. पट्टा व सील बदलल्याची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर एका वहीत लिहून ठेवावेत. गाडी विकताना ती वहीही सोबत द्यावी.

ज्यांच्यापाशी पुस्तक नाही, ज्यांना खुणा सापडत नाहीत, अगर ज्यांच्या इंजिनास दांडे जखडून धरण्याची खास हत्यारे लागतात, त्यांनी कारखान्यातच जावे. त्यात कमीपणा नाही. घरी काम केल्याने मिस्त्र्यांचे पोट जाईल, असाही आक्षेप येईल. पण अर्धवट दुरुस्तीने वाकलेल्या व्हॉल्व्हवर कोणाचे पोट चालावे, असे कोणताही चांगला मिस्त्री म्हणणार नाही. पहिल्या खेपेस त्यालाच मजुरी देऊन शेजारी उभे करावे व शिकून घ्यावे.

शेवटी संघाच्या कार्यकारी मंडळास एक विनंती. मापाचा पाना, स्टँडांच्या दोन जोड्या आणि सील बसविण्याच्या नळ्यांचा एक संच, ही हत्यारे एकेका शेतकऱ्याने विकत घेणे परवडत नाही व वर्षातून एकदाच लागतात. संघाने फवारणीच्या पंपांप्रमाणे ती भाड्याने देण्याची व्यवस्था करावी आणि नेणाऱ्याकडून वहीत एवढेच लिहून घ्यावे : सील पाहिले काय? हा प्रश्न त्या दिवशी मला कोणी लेखी विचारला असता, तर खोटे उत्तर लिहिण्याचे धाडस निदान मला तरी झाले नसते.