घुमट वाचले, गाळेवाल्याचं काय?

हैदराबादच्या जुन्या शहरात मेट्रो भुयारातून न्यावी की खांबांवरून, हा वाद दहा-बारा वर्षं चालला. त्यात इंजिनिअर बोलले, पुढारी बोलले, वारसाप्रेमी बोलले. एकाला मात्र कुणी विचारलं नाही. तो म्हणजे रस्त्याला लागून असलेल्या गाळ्याचा भाडेकरू. माझं म्हणणं असं की खांबांवरची मेट्रो स्वस्त दिसते ती या माणसाचा हिशेब कुठल्याच वहीत लिहिला जात नाही म्हणून. आणि याबद्दल सरकारइतकाच जाब आपण आपल्या नेतृत्वालाही विचारला पाहिजे.

हैदराबादचं आम्हाला काय, असं कुणी म्हणेल. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. औरंगाबाद, बीड, नांदेडच्या कितीतरी मुस्लिम घरांची निम्मी नाती आजही चारमिनारच्या आसपास आहेत. शिवाय आज तिथे जे घडतंय ते उद्या आपल्या शहरांत घडणार आहे. शेंद्रा ते वाळूज दुमजली पूल आणि त्यावर मेट्रो, अशी चर्चा आपल्याकडेही झालेलीच आहे.

आधी हकीकत थोडक्यात. हैदराबाद मेट्रो 28 नोव्हेंबर 2017 ला सुरू झाली. मूळ आराखड्यात जुबिली बस स्टेशन ते फलकनुमा अशी एक मार्गिका होती. 7 फेब्रुवारी 2020 ला ती खुली झाली, पण महात्मा गांधी बस स्टेशनपर्यंतच. पुढचे साडेपाच किलोमीटर, म्हणजे मुसी नदीच्या दक्षिणेचं जुनं शहर, राहून गेलं. 8 मार्च 2024 ला मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी फलकनुमाला पायाभरणी केली, आणि मार्ग चांद्रायणगुट्ट्यापर्यंत वाढून साडेसात किलोमीटरचा झाला. दारुलशिफा, पुरानी हवेली, एतबार चौक, मीर मोमिन दायरा, शालीबंडा, अलियाबाद असा हा रस्ता आहे आणि मेट्रो सगळी खांबांवर. त्यासाठी रस्ता शंभर फूट रुंद करायचा, स्टेशनपाशी एकशेवीस फूट. बाधित मालमत्ता हजाराच्या घरात आहेत. जानेवारी 2025 मध्ये जागामालकांना पहिले चेक मिळाले आणि पाडकाम सुरू झालं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दाट वस्तीतून रेल्वे न्यायची तर जागा कुणाकडून तरी घ्यावीच लागते. भुयार खोदलं तर भार तिजोरीवर पडतो. ट्रामसारखी हलकी रेल्वे जमिनीवरून नेली तर जागा मोटारींकडून घ्यावी लागते. इस्तंबूलने 1992 पासून सुलतानअहमदच्या ऐतिहासिक भागातून तशी ट्राम चालवली आहे. आणि खांब उभे करून रस्ता रुंद केला तर जागा दुकानदाराची जाते. तिजोरीला अर्थखातं असतं, मोटारवाल्याला आवाज असतो. दुकानदाराला, त्यातही भाडेकरू दुकानदाराला, काय असतं?

भुयार परवडत नाही, हे पहिलं उत्तर. त्यात तथ्य आहे, आणि ते आकड्यांनीच पाहू. पुण्यात स्वारगेट ते कात्रज हा 5.46 किलोमीटरचा भुयारी मार्ग केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये 2,954 कोटींना मंजूर केला. म्हणजे किलोमीटरला सुमारे 540 कोटी. पुण्यातच वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली हे 12.75 किलोमीटरचे उन्नत मार्ग 3,626 कोटींना मंजूर झाले. म्हणजे किलोमीटरला सुमारे 285 कोटी. भुयार साधारण दुप्पट महाग. पण पुण्याला ते परवडलं! कात्रजच्या रस्त्याखालून परवडतं, कसबा पेठ आणि मंडईखालून परवडतं. मग शालीबंड्याखालूनच का परवडू नये? पुण्याच्या पेठांतून मेट्रो खांबांवर नेता येणार नाही, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. ते गृहीत होतं. जुन्या हैदराबादबद्दल तसं काही गृहीत नव्हतं, हेच माझ्या रागाचं कारण आहे.

दिल्लीचं उदाहरण तर वीस वर्षांपूर्वीचं. चांदनी चौक आणि चावडी बाजारची भुयारी स्टेशनं 2005 मध्ये सुरू झाली. शाहजहानच्या शहरातला हा सगळ्यात गजबजलेला भाग, गल्ल्या इतक्या अरुंद की हातगाडीशी हातगाडी घासते. 2017 मध्ये दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किल्ला ही स्टेशनंही जमिनीखाली झाली. जुन्या दिल्लीला जे 2005 मध्ये मिळालं, ते 1591 मध्ये वसलेल्या हैदराबादला 2024 मध्ये मिळू नये?

खांबांखालचं जगणं कसं असतं ते मुंबईच्या मुसलमानाला सांगायला नको. मोहम्मद अली रोडवरून जे.जे. उड्डाणपूल 2002 मध्ये सुरू झाला. सुमारे अडीच किलोमीटरचा पूल, दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्यांसमोरून जाणारा. वरचे लोक मोहल्ला न बघता निघून जातात, खालच्यांच्या वाट्याला सावली, धूर आणि आवाज. गंमत बघा, आता मेट्रो 11 नागपाडा आणि भेंडी बाजारखालून भुयारी न्यायचं ठरलंय. मुंबईला कळायला वीसेक वर्षं लागली. हैदराबादला तोच धडा पहिल्यापासून गिरवायची काय गरज?

भुयारात सगळं आलबेल असतं, असंही नाही. स्टेशनासाठी वरून खड्डा खणावाच लागतो. मुंबईत मेट्रो 3 साठी गिरगाव-काळबादेवीतल्या चाळी पाडल्या गेल्या. पारशी समाज आपल्या आतशबहरामच्या काळजीने हायकोर्टात गेला होता. भुयाराला वेळही जास्त लागतो, आणि हैदराबादचा ग्रॅनाइट काही मऊ नाही. पण फरक प्रमाणाचा आहे. भुयारात नुकसान स्टेशनांपाशी होतं. रस्ता रुंद करताना ते सलग होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शिवाय गिरगावच्या भाडेकरूंना त्याच भागात घरं द्यायची योजना करावी लागली, कारण ते संघटित होते आणि पागडीवाला म्हणून त्यांची कायदेशीर गणती होती.

आता आपल्या घरातलं. या मार्गावर आणि लगत मशिदी, दर्गे, आशूरखाने, मंदिरं, कब्रस्तानं अशी शंभराहून जास्त स्थळं आहेत. ती वाचावीत म्हणून आपल्या पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडण केलं. खांब सरकवले गेले, वळणं बदलली गेली, रस्त्याची रुंदी काही ठिकाणी कमी झाली. हे चांगलंच झालं. मीर मोमिन दायरा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते महंमद कुली कुतुबशहाचे पेशवा होते. त्यांच्या कब्रस्तानाला धक्का लागावा असं कोण म्हणेल? पण मला विचारायचंय ते हे: घुमटासाठी जेवढा जोर लावला, त्याच्या चौथाई तरी जोर गाळेवाल्यासाठी लावला का? मशीद वाचली आणि तिच्यात पाचही वेळा येणारा शिंपी, मेकॅनिक, चहावाला मोहल्ला सोडून गेला, तर त्या मशिदीत सफ कुणाच्या भरवशावर भरणार? मशिदीच्या खालच्या गाळ्यांच्या भाड्यावर तिचा दिवाबत्तीचा खर्च चालतो, हे मुतवल्लीला तरी ठाऊक असतं.

उलट टोकाची चूकही आपल्यातच आहे. मेट्रो नकोच, ती आली की आपलं शहर आपलं राहणार नाही, असं म्हणणारे कमी नाहीत. 2020 पासून मेट्रो मुसीकाठी थांबली तेव्हा नुकसान कुणाचं झालं? हायटेक सिटीत नोकरी करणाऱ्या शालीबंड्याच्या मुलीचं. ती आधी ऑटोला पैसे देते, मग मेट्रोला, आणि रात्री परतताना घरच्यांचा जीव टांगणीला. मेट्रो हवीच. प्रश्न तिची किंमत कोण चुकवणार एवढाच आहे.

पाडकाम सुरू झाल्यावर भुयाराची मागणी करून काय उपयोग, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून आता मागायचं ते वेगळं. नुकसानभरपाईचा दर चौरस यार्डाला 81,000 रुपये ठरला. दर यार्डाचा असला की पैसा यार्डाच्या मालकाकडे जातो, आणि भाडेकरूच्या नावावर यार्ड नसतो. पण 2013 चा भूसंपादन कायदा फक्त मालकाला ओळखत नाही. संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात काम करणारे भाडेकरू आणि कारागीर, ज्यांची मुख्य रोजीरोटी त्यामुळे जाते, त्यांची कुटुंबंही कायद्याने ‘बाधित’ आहेत. तेव्हा दारुलशिफा ते चांद्रायणगुट्टा प्रत्येक गाळ्याची यादी झाली पाहिजे: मालक कोण, भाडेकरू कोण, किती वर्षांपासून, हाताखाली किती माणसं. ही यादी मशिदीच्या दारावर आणि मंदिराच्या भिंतीवर लागली पाहिजे, कारण या रस्त्यावर भाडेकरू हिंदूही आहेत. रुंद झालेल्या रस्त्यावर जे नवे गाळे निघतील, त्यांवर पहिला हक्क याच यादीतल्यांचा.

आणि आपल्या शहरांसाठी एवढंच की नकाशा आल्यावर दर्ग्याभोवती लाल वर्तुळ काढून थांबू नका. आधी गाळे मोजा, भाडेपावत्या आणि वीजबिलं जपून ठेवा, दुकानदारांची संघटना नोंदवा. मग बोगदा की पूल हे विचारायला बसा. ज्याच्या हातात कागद असतो त्याच्याच दुकानापाशी खांब सरकतो, एवढं तरी हैदराबादकडून शिकूया.