यात एल्सा कुठंय?

माझी धाकटी बहीण अकरा वर्षांची आहे. सुट्टीत तिला एक नवा नाद लागला होता. जगभरातल्या थीम पार्कमधल्या राइड्सचे व्हिडिओ बघायचे. कोणीतरी पुढच्या बाकावर मोबाइल धरून बसतो आणि आपण घरबसल्या त्याच्यासोबत फिरून येतो. एकदा मी तिला फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कमधल्या एका जुन्या राइडचा व्हिडिओ लावून दिला. राइडचं नाव मेलस्ट्रॉम. अंधारात बोट वर चढते, व्हायकिंग दिसतात, तीन डोक्यांचा ट्रोल रागावून बोट उलटी ढकलून देतो, मग वादळी समुद्र आणि शेवटी कोळ्यांचं एक शांत गाव. बहिणीनं सगळं शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "दीदी, पण यात एल्सा कुठंय?"

मी हसले. नंतर वाटलं, तिचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. ती जागा तिनं आधी पाहिली होती ती एल्साचीच.

झालं असं होतं. एपकॉटमध्ये 'वर्ल्ड शोकेस' नावाचा भाग आहे. एका तळ्याभोवती अकरा देशांची दालनं. त्यातलं नॉर्वेचं दालन १९८८ साली उघडलं आणि मेलस्ट्रॉम त्याच दालनातली राइड. ५ ऑक्टोबर २०१४ ला ती बंद झाली. २०१३ च्या शेवटी 'फ्रोझन' हा चित्रपट आला होता आणि त्यानं गल्ल्याचे विक्रम केले होते. जून २०१६ मध्ये त्याच जागी, पाण्याच्या त्याच वाटेवर 'फ्रोझन एव्हर आफ्टर' सुरू झाली. वळणं तीच. जिथं ट्रोल बोट मागं ढकलायचा तिथं आता एल्सा गाता गाता ढकलते. दालनावर नाव मात्र अजून नॉर्वेचंच आहे. अरेंडेल हे एल्साचं राज्य, ते तर कुठल्याच नकाशावर नाही. ज्या परीकथेचा धागा पकडून चित्रपट बनला ती लिहिणारा अँडरसनही नॉर्वेचा नव्हे, डेन्मार्कचा!

तेव्हापासून पार्कप्रेमींमध्ये एक वाद चालू आहे, तो अजून मिटलेला नाही. गाजलेल्या चित्रपटमालिका थीम पार्कची ओळख पुसून टाकताहेत का?

मी फ्लोरिडाला कधी गेलेले नाही, जायची शक्यताही दिसत नाही. मग साहित्याच्या विद्यार्थिनीनं यात तोंड का घालावं? घालावं असं मला वाटतं, कारण हा वाद झोपाळ्यांचा आणि पाळण्यांचा नाही. एखाद्या जागेला स्वतःची गोष्ट असावी की नको, आणि ऐकलेली नसलेली गोष्ट ऐकण्याची आपली तयारी उरली आहे की नाही, हा खरा मुद्दा आहे.

तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट ऐकू या. एपकॉट १ ऑक्टोबर १९८२ ला उघडलं. वॉल्ट डिस्नेच्या मनात खरं तर भविष्यातलं एक राहतं शहर होतं. १९६६ मध्ये तो गेला आणि शहराचं पार्क झालं. पण ते पार्क तरी वेगळं होतं. सुरुवातीच्या काळात तिथं मिकी माऊससुद्धा फिरायचा नाही. दालनं कशाची? ऊर्जेची, शेतीची, दळणवळणाची, कल्पनाशक्तीची. 'स्पेसशिप अर्थ' या मोठ्या चकचकीत गोलातली राइड माणसानं माणसाशी संवाद कसा साधला त्याचा इतिहास सांगते आणि तिच्या संहितेला रे ब्रॅडबरीसारख्या लेखकाचा हात लागलेला होता. कल्पनाशक्तीच्या दालनात फिगमेंट नावाचा जांभळा छोटा ड्रॅगन होता. तो कुठल्याच चित्रपटातून आलेला नव्हता. तिथंच जन्मला, तिथंच मोठा झाला.

मग एकेक दालन बदलत गेलं. २००७ मध्ये मेक्सिकोच्या बोटीत डोनाल्ड डक आणि त्याचे दोन मित्र आले. नॉर्वेत एल्सा आली. २०१७ मध्ये ऊर्जेचं दालन बंद झालं. या दालनाच्या छतावर सौर पट्ट्या होत्या आणि आतल्या गाड्यांना लागणारी काही वीज त्यातून यायची. म्हणजे विषय नुसता सांगितलेला नव्हता, प्रेक्षक त्याच्यावर बसून फिरत होते. २०२२ मध्ये तिथं 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'ची रोलर कोस्टर सुरू झाली. राइड जबरदस्त आहे, असं तिचे टीकाकारही म्हणतात. पण ऊर्जेबद्दल ती काही बोलते का? नाही.

आता दुसरी बाजू. तीही कच्ची नाही.

पहिली गोष्ट, शुद्ध असा काळ कधी नव्हताच. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं तेव्हाच तिथं पीटर पॅन आणि स्नो व्हाइटच्या राइड्स होत्या. पार्कच्या मधोमध उभा असलेला किल्ला 'स्लीपिंग ब्यूटी'चा आणि तो चित्रपट आला १९५९ मध्ये! म्हणजे किल्ला चार वर्षं आधीच येणाऱ्या चित्रपटाची जाहिरात करत उभा होता. दुसरं, जुनं एपकॉट तरी कुठं निर्मळ होतं? ऊर्जेची गोष्ट एका बड्या तेल कंपनीच्या पैशानं सांगितली जायची आणि नॉर्वेच्या दालनामागं नॉर्वेतल्या कंपन्यांचा पैसा होता. तिसरं, 'आपली ओळख' म्हणून बांधलेलं सगळंच चांगलं असतं असंही नाही. २००१ मध्ये कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर हे पार्क उघडलं, त्यात चित्रपट अगदी कमी होते, विषय कॅलिफोर्निया राज्य. लोकांनी पाठ फिरवली. पुढं अब्जाहून जास्त डॉलर्स ओतून ते दुरुस्त करावं लागलं आणि २०१२ मध्ये 'कार्स' चित्रपटावरचा भाग उघडल्यावर त्यात जीव आला. चौथं, पैसा. एका मोठ्या राइडला कोट्यवधी डॉलर्स लागतात. २०१० मध्ये युनिव्हर्सलनं ऑर्लँडोत हॅरी पॉटरची दुनिया उभी केली आणि लोकांची अक्षरशः रीघ लागली. हे बघून कुठला व्यवस्थापक अनोळखी ड्रॅगनवर पैसे लावेल?

आणि पाचवा मुद्दा माझ्या बहिणीचा. तिला एल्सा हवी आहे. तिच्या आनंदाला उथळ म्हणणारे आपण कोण? बऱ्याच जुन्या चाहत्यांचं दुःख हे मेलस्ट्रॉमचं कमी आणि स्वतःच्या बालपणाचं जास्त असतं. ते दुःख खोटं नाही, पण त्याला तत्त्वाचं नाव देऊ नये.

एवढं सगळं मान्य करूनही मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूनं थोडी झुकते. का ते सांगते.

१९६७ मध्ये डिस्नेलँडमध्ये 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' सुरू झाली, १९६९ मध्ये 'हॉन्टेड मॅन्शन'. दोन्हींच्या मागं चित्रपट नव्हता. चाचे आणि भुतं सगळ्यांच्या ओळखीची होती, पण ही गोष्ट, हे गाणं, हा अंधार पार्कमधल्या माणसांनी नव्यानं रचलेला होता. छत्तीस वर्षांनी, २००३ मध्ये, त्या राइडवरून चित्रपट निघाला. जॅक स्पॅरो जगभर पोचला आणि २००६ मध्ये तोच जॅक स्पॅरो पुतळा होऊन मूळ राइडमध्ये येऊन बसला. आता नवखा माणूस राइडमध्ये बसतो तेव्हा त्याला वाटतं, ही चित्रपटावरून केलेली दिसते. आई लेकीसारखी दिसते म्हणावं, तसला प्रकार!

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की एके काळी पार्क गोष्टींना जन्म देत होतं. आता ते दुसरीकडे जन्मलेल्या गोष्टींना जागा भाड्यानं देतं. सगळ्यांनी भाड्यानंच जागा द्यायची ठरवली, तर पुढचा जॅक स्पॅरो येणार कुठून?

म्हणून 'चित्रपट हवा की नको' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. विचारायचं ते असं: आलेली गोष्ट त्या घरात पाहुणी म्हणून आली आहे की मालकीण म्हणून? पाहुणा घराची रीत बघतो, चप्पल बाहेर काढतो, घरातल्यांशी बोलतो. मालक भिंती पाडतो.

पाहुणा कसा असतो त्याची उदाहरणं आहेत. एपकॉटमध्येच समुद्राचं दालन आहे, तिथं खऱ्या माशांचं अवाढव्य मत्स्यालय आहे. २००७ पासून तिथली राइड 'निमो'ची झाली. पण राइडच्या शेवटी निमो आणि मंडळी खऱ्या पाण्यात, खऱ्या माशांमध्ये पोहताना दिसतात आणि बाहेर पडल्यावर मुलं काचेला नाक लावून उभी राहतात. निमोनं मुलाचं बोट धरलं आणि त्याला समुद्रापर्यंत नेऊन सोडलं. दुसरं उदाहरण 'अवतार'चं. डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंग्डममध्ये हा चित्रपट येणार म्हटल्यावर पुष्कळांनी नाकं मुरडली होती. २०१७ मध्ये पँडोरा उघडलं तेव्हा दिसलं की चित्रपटातले नायक-नायिका तिथं मिरवत नाहीत. मध्ये काळ गेलाय, लढाई संपलीय आणि आता रान सावरतंय. प्राणी आणि निसर्ग हा त्या पार्कचा मूळ विषय. चित्रपटानं त्या विषयाची भाषा शिकून घेतली.

'भाषा शिकून घेतली' असं लिहिताना मला वर्गात शिकलेलं 'ख्रिस्तपुराण' आठवलं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं हे काव्य छापून निघालं. गोष्ट सगळी बाहेरची, बायबलमधली. पण ती आली ओवीत, मराठीत, आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणत. त्या काळचं राजकारण, सत्ता आणि धर्मांतर, हे विसरून चालणार नाही. तरी भाषेपुरतं बोलायचं तर बाहेरच्या गोष्टीनं इथल्या ओवीपुढं मान वाकवली. म्हणून चारशे वर्षांनंतरही आम्ही ते मराठी काव्य म्हणून वाचतो, भाषांतर म्हणून नाही. उसनी गोष्ट वाईट नसते. आपलं बहुतेक साहित्य उसन्या गोष्टींवरच उभं आहे. ती कुणाच्या बोलीत बोलते त्यावर सगळं ठरतं.

नॉर्वेच्या दालनात हेच झालं नाही. एल्सानं नॉर्वेची ओळख करून दिली असती, फियॉर्ड कसे असतात, ट्रोलच्या कथा कुठून आल्या, हे तिच्या तोंडून आलं असतं, तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. त्याऐवजी राइडपुरता नॉर्वे हा अरेंडेलचा पडदा झाला.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर जरा जवळ येऊ. महाराष्ट्रात खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका उघडलं. तिथं 'मिस्टर इंडिया' चित्रपटावरची राइड आहे आणि राजासोरसच्या नावाची बोटीची राइडही आहे. राजासोरस हा नर्मदेच्या खोऱ्यात ज्याचे अवशेष सापडले तो आपल्याकडचा खराखुरा डायनासोर. दोन्ही चालतात, चालोत. पण उद्या तिथं एकच राइड बांधायला पैसे असतील तर कुठली बांधली जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. अमेरिकेतल्या वादातून आपण शिकायचं ते हेच. आपल्याकडं पार्क थोडी आहेत. पहिल्यापासूनच सगळी भाड्यानं दिली तर पुसायलाही ओळख उरणार नाही.

आणि दोष फक्त कंपन्यांचा नाही. आपण तिकीट काढताना ओळखीचं नाव शोधतो. पुस्तकाच्या दुकानातही तेच करतो. अनोळखी गोष्टीला आपण पाच मिनिटं तरी देतो का? फिगमेंटचं उदाहरण मला म्हणून धीर देतं. १९९९ मध्ये त्याची राइड बदलून त्याला जवळजवळ हाकलला होता. चाहते इतके चिडले की २००२ पर्यंत कंपनीला त्याला परत आणावं लागलं. ज्याचा एकही चित्रपट नव्हता त्या ड्रॅगनसाठी लोक भांडले. म्हणजे जागेत जन्मलेल्या गोष्टीवरही माणसं जीव लावतात, फक्त तिला जन्मायला जागा आणि वाढायला वेळ द्यावा लागतो.

बहिणीच्या प्रश्नाला मी तेव्हा काय उत्तर दिलं? म्हटलं, "ही एल्साच्या आधीची गोष्ट आहे." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण तो तीन डोक्यांचा माणूस रागावला का होता?" मला माहीत नव्हतं. आम्ही व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.