पंप दिला, माहिती का नाही दिली?

"सिस्टर, पंपाची सवय लागते म्हणतात. त्यापेक्षा गोळी लिहून द्यायला सांगा ना डॉक्टरांना."

वॉर्डात नोकरी करताना दम्याच्या पेशंटकडून हे वाक्य मी किती वेळा ऐकले, त्याला गणती नाही. आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते, तिथेही तेच ऐकते. यात दोष पेशंटचा नाही. आपण त्याच्या हातात औषध ठेवतो, पण ते शरीरात काय करते हे सांगत नाही. सांगणे अवघड आहे, असेही नाही.

आपल्या पेशींच्या बाहेरच्या आवरणावर रिसेप्टर असतात. दारावरच्या बेलसारखे समजा. बेल वाजवणाऱ्याला घरात शिरावे लागत नाही, निरोप आत पोहोचतो. पंपातले साल्ब्युटामॉल श्वासनळीच्या स्नायूंवरच्या 'बीटा-2' रिसेप्टरला चिकटते. रिसेप्टरचा आकार बदलतो, आतले जी-प्रोटीन जागे होते, 'सायक्लिक एएमपी' हा निरोप्या वाढतो आणि आवळलेला स्नायू सैल पडतो. काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. अशा रिसेप्टरांचे काम उलगडून दाखवल्याबद्दल रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना 2012 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता गोळीचा हिशेब पाहा. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण 100 मायक्रोग्रॅम औषध असते. 4 मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या 40 पट. पंपाचे औषध थेट श्वासनळीत जाते. गोळीचे रक्तातून अंगभर फिरते, इतर ठिकाणच्या बेलही वाजवते. म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडते. तरीही गोळी 'साधी' आणि पंप 'शेवटचा उपाय', हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे.

मग सवयीचे काय? पंपाचे व्यसन लागत नाही. पण बेल दिवसभर वाजत राहिली तर घरातले तिच्याकडे लक्ष देईनासे होतात. तसेच साल्ब्युटामॉल सतत घेतले की पेशी प्रतिसाद कमी करते, काही रिसेप्टर आवरणावरून आत ओढून घेते. औषधाचा जोर कमी पडतो. शिवाय दम्याचे मूळ श्वासनळीच्या सुजेत आहे आणि ती सूज या औषधाने उतरत नाही. आराम पडतो, आजार आत तसाच राहतो.

सूज उतरवते ते पंपातून घ्यायचे स्टेरॉइड, उदाहरणार्थ ब्युडेसोनाइड. त्याचा रिसेप्टर पेशीच्या आत असतो, म्हणून असर सावकाश दिसतो. पण ते पेशीला नवे बीटा-2 रिसेप्टर तयार करायलाही मदत करते. प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, असे 'जिना' या दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शिकेने 2019 मध्येच सांगितले आहे.

झाडू मारणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या आपल्या बायांपर्यंत हे पोहोचले आहे का? त्यांना आरामाचे औषध मिळते, आजार आवरणारे अनेकदा मिळत नाही. दोन्ही औषधे देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. मग ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर मिळालीच पाहिजेत, अशी मागणी आपण ग्रामसभेत आणि वॉर्डसभेत लावून धरली पाहिजे.

तोवर डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा. हा पंप आरामाचा की सूज उतरवणारा? रोज घ्यायचा की गरजेपुरता? आणि घ्यायचा कसा, ते करून दाखवाल का? रंगावर जाऊ नका, औषधाचे नाव वाचून घ्या. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरा. कोणताही पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका. आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांना दाखवा. पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर घरी थांबू नका. तडक दवाखाना गाठा.