बरणीतला फायटर

बाजारात ज्याला 'फायटर' म्हणतात तो बेटा मासा काचेच्या बरणीत सुखाने राहतो, हा समज दुकानदारांइतकाच सुशिक्षित घरांतही रुजला आहे. युक्तिवाद असा की, हा मुळात थायलंडच्या भातखाचरांतला, उथळ डबक्यांतला जीव. त्याला पाणी लागते कितीसे? आम्हांला हे मान्य नाही. उथळ म्हणजे अपुरे नव्हे. खाचराची खोली वीतभर असली तरी विस्तार मोठा असतो, पाणवनस्पतींचा आडोसा असतो. बेटा पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तगतो. परंतु त्याच्याच उत्सर्गातून साचणाऱ्या अमोनियापासून ही सोय त्याला वाचवीत नाही. निदान २० लिटरची, उंचीपेक्षा लांबीने अधिक अशी टाकी, संथ फिल्टर, २४ ते २८ अंश सेल्सियस तापमान (पुण्याच्या थंडीत हीटर आलाच) आणि झाकण, कारण स्वारी उड्या मारते. थायलंडने २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. आपल्याकडे मात्र दोन बरण्या शेजारी ठेवून नरांना कल्ले फुलवायला लावणे ही पाहुण्यांची करमणूक! त्यास छंद म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.