फायनलच्या आधीचं फायनल

'फायनल', 'फायनल २', 'फायनल-नक्की'... तुमच्या इनबॉक्समध्ये अशा किती फाइल्स आहेत? ही भानगड कम्प्युटरने आणली असं वाटत असेल, तर जरा १९४२ मध्ये चला.

एप्रिलमध्ये गांधीजींनी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून ठरावाचा मसुदा मीराबेनबरोबर अलाहाबादला काँग्रेस कार्यकारिणीकडे पाठवला. परदेशी फौजा नकोत, असं त्यात होतं. राजेंद्रप्रसादांनी दुरुस्त्या केल्या, नेहरूंनी वेगळाच मसुदा लिहिला, आणि शेवटी पास झाला तो नेहरूंचा. १४ जुलैच्या वर्ध्याच्या ठरावात तर दोस्तांच्या फौजा राहू द्यायचीही तयारी होती. म्हणजे जुना मसुदा बाद? छे! पोलिसांनी काँग्रेसच्या ऑफिसवर छापा घालून सगळे कागद नेले होते. ऑगस्टमध्ये सरकारने ते छापले. गांधीजी जपानकडे झुकलेत हे दाखवायला. गाळलेली वाक्यंच पुरावा झाली!

तेव्हा क्लायंटला फाइल पाठवण्याआधी वर्डच्या 'रिव्ह्यू'मध्ये जा, 'कंपेअर' करा. दोन व्हर्जन्समध्ये काय बदललं, ते लगेच दिसेल. आणि हो, 'ट्रॅक चेंजेस' नुसतं बंद करून भागत नाही. बदल अ‍ॅक्सेप्ट करा, कॉमेंट्स उडवा, मगच 'सेंड'!